त्रिरश्मि पर्वतावरील वर्षावासाच्या व ग्लानभैषज्याच्या अक्षयनीवी

नाशिकच्या नैर्ऋत्येस जो त्रिकोणाकृति डोंगर आहे, ज्यास लेखांत ‘तिरण्हु’ किंवा त्रिरश्मि म्हटलें आहे, व ज्यावरील लेणीं लोकांत पांडवलेणीं म्हणून प्रसिद्ध आहेत, तेथील लेखांचा अभ्यास गेल्या दीडशें वर्षांत पुष्कळ झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर व सेनार यांनीं ते वाचले आणि त्यांवरून नहपान, गौतमीपुत्र, पुळुमावि व आभीर ईश्वरसेन यांचा कालानुक्रम लावण्याचे प्रयत्न झाले. तथापि हे लेख मूळांत राजवंशांची जंत्री देण्यासाठीं कोरलेले नाहींत. ते दानलेख होत. अमुक द्रव्य अमुक ठिकाणीं ठेविलें आहे व त्याचें व्याज अमुक भिक्षूंस अमुक कारणासाठीं मिळावें, हें सांगणें हा त्यांचा हेतु. हा हेतु नीट न समजतां केवळ राजनामें व वर्षांक टिपून घेणें म्हणजे एखाद्या कर्जरोख्यांतील साक्षीदारांचीं नांवें वाचून रक्कम न वाचण्यासारखें आहे. यासाठीं या लेखांतील दोन दानांचा अर्थ येथें उलगडून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. पहिलें दान पावसाळ्यांत स्थिर राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाचें, दुसरें आजारी भिक्षूंच्या औषधाचें. थकल्याभागल्या धर्मोपदेशकांस विसांवा मिळावा व ते पुन्हां उभे राहावे म्हणून समाजानें केलेल्या तरतुदींचे इतके प्राचीन व इतके तपशीलवार पुरावे फारच थोड्या ठिकाणीं आढळतात.

१. वर्षावास म्हणजे काय

भिक्षूचें आयुष्य मूळांत चारिकेचें, म्हणजे फिरतीचें. एका गांवीं फार दिवस राहूं नये, मिळेल तें अन्न घ्यावें व चालत राहावें, असा त्याचा धर्म. परंतु पावसाळ्यांत फिरणारे श्रमण हिरवें गवत तुडवितात व बारीक जीवांची हिंसा करितात अशी लोकांनीं कुरकुर केली, तेव्हां तीन महिने एके ठिकाणीं राहण्याचा नियम घालण्यांत आला, असें विनयपिटकाच्या महावग्गांतील वस्सूपनायिकाक्खंधकांत सांगितलें आहे. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, किंवा त्यानंतर एक महिन्यानें, वर्षावासास आरंभ करावा. शेवटीं प्रवारणा, आणि तिच्यानंतर कठिन चीवराचा विधि, असा क्रम आहे.

नियमाचें कारण जीवहिंसेचें सांगितलें असलें तरी त्याचें फळ दुहेरी होतें. आठ-नऊ महिने पायपीट करणाऱ्या माणसास डोक्यावर छप्पर, ठरलेली वस्ती व सोबत्यांचा सहवास मिळूं लागला. या काळांत वस्ती सोडावयाची नाहीं हा नियम कडक. पण त्यासही अपवाद ठेविले आहेत, आणि ते अपवादच आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचे आहेत. सात दिवसांच्या आंत परत यावयाचें या अटीवर भिक्षूस वर्षावासांतून बाहेर जातां येतें. दुसऱ्या ठिकाणीं एखादा भिक्षु आजारी असेल तर बोलावणें आलें नसलें तरी जावें. त्याच यादींत पुढें असेंही आहे कीं, एखाद्या भिक्षूस ‘अनभिरति’ उत्पन्न झाली असेल, म्हणजे त्याचें मन आपल्या जीवितक्रमांतून उडालें असेल, किंवा पश्चात्तापाची टोंचणी त्यास लागली असेल, तरीही जावें व त्याचें समाधान करावें. शरीराचा ज्वर व मनाचा विटाळा या दोहोंस येथें एकाच पंक्तीस बसविलें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

२. उषवदाताची नीवी

क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात, दीनीकपुत्र उषवदात, यानें त्रिरश्मीवर लेणें खोदविलें. तें दहावें लेणें होय. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनें त्यांतील ‘ओवरक’ दिल्याचा लेखही तेथेंच आहे. देवळांतील ‘ओवरी’ हा आपला शब्द याच अपवरकाचा वंशज आहे. उषवदाताच्या वर्ष ४२, वैशाख महिन्याच्या लेखांत त्यानें लेण्यासोबत तीन हजार काहापणांची ‘अक्षयनीवी’ दिल्याचें नमूद आहे.

‘नीवी’ हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रांत आयव्यय वजा जातां उरलेल्या शिलकेस लाविला आहे. अक्षयनीवी म्हणजे जी शिल्लक कधीं खर्चावयाची नाहीं ती. लेखाच्या स्वतःच्या शब्दांत ही रक्कम ‘अप्रतिदातव्य’ व ‘वृद्धिभोज्य’ आहे. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. तिची मांडणी अशी :

दोन हजार काहापण गोवर्धन येथील एका कोलिकनिकायाकडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक प्रतिक व्याजानें. आणि एक हजार दुसऱ्या कोलिकनिकायाकडे दरमहा शेंकडा ‘पायून’ प्रतिक व्याजानें. पादोन, पायून, पाऊण, अशी या शब्दाची वाट सरळ आहे, आणि पूर्वीं मराठी मुलगा पावकी-निमकीनंतर जी पाउणकी घोकीत असे तिचें नांव एका दानलेखांत इतक्या पूर्वीं कोरलेलें पाहून कोणाही मराठी वाचकास संतोष वाटेल.

पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा काहापण ‘चीवरिक’, म्हणजे वस्त्राचें मूल्य, द्यावयाचें. दुसऱ्या रकमेंतून ‘कुशणमूल’, म्हणजे किरकोळ निर्वाहाचा खर्च, चालवावयाचा. आतां हिशेब करून पाहूं. दोन हजारांवर शेंकडा एक या दरानें महिन्यास वीस प्रतिक, वर्षास २४०. वीस भिक्षु गुणिले बारा, म्हणजे २४०. दोन्ही बाजू तंतोतंत मिळतात. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, येथें प्रतिक व काहापण हीं एकाच मूल्याचीं नांवें धरलीं आहेत. दुसरी, दात्यानें आधीं भिक्षूंची संख्या व त्यांची गरज ठरविली आणि मग त्या गरजेवरून मुद्दल काढलें. आधीं मनास येईल ती रक्कम देऊन मग ती पुरेल तितक्यांत भागवा, असा हा प्रकार नव्हे. एक हजारांवरील व्याज वर्षास ९० होतें. तें त्याच वीसांत समान वांटलें तर प्रत्येकास साडेचार येतात.

व्याजाचा दरही विचार करण्यासारखा आहे. मनुस्मृतींत वसिष्ठविहित वृद्धि म्हणून जी सांगितली आहे ती दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे सालिना शेंकडा १५. उषवदाताच्या श्रेणींनीं कबूल केलेले दर सालिना १२ व ९ असे आहेत. मुद्दल कायमचें हातीं राहणार व तें कधीं मागितलें जाणार नाहीं. या बदल्यांत दर उतरता, पण भरंवसा टिकाऊ, असा हा व्यवहार दिसतो. शिवाय दात्यानें सगळी रक्कम एकाच निकायाकडे ठेविली नाहीं. हा सर्व करार निगमसभेंत वाचून दाखविला व रिवाजाप्रमाणें ‘फलकवारा’वर, म्हणजे दप्तरांत, नोंदविला असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. शिळेवरील लेख ही त्या नोंदीची जाहीर प्रत होय. मूळ फलक केव्हांच नाहींसे झाले. प्रत मात्र उरली.

याशिवाय कापूराहारांतील चिखलपद्र गांवीं आठ हजार नारळीचीं मुळें दिल्याची नोंद याच लेखांत आहे.

३. जमिनीचीं दानें आणि तीं कशीं खचतात

रोख नीवीबरोबर जमिनीही दिल्या जात. वाराहीपुत्र अश्विभूति नामक ब्राह्मणापासून चार हजार काहापणांस विकत घेतलेलें शेत उषवदातानें लेण्यास लाविलें, तें त्यांत राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघाच्या मुखाहारासाठीं. कार्ल्याच्या लेण्यांत, ज्यांस लेखांत वलूरक म्हटलें आहे, करजिक गांव वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या यापनासाठीं त्यानें दिल्याचा लेख आहे. कान्हेरीच्या एका लेखांत मंगलथान गांवचें शेत नीवीदाखल देऊन वर्षावासी भिक्षूस सोळा काहापण चीवरिक व ऋतुकालांत दरमहा एक प्रतिक द्यावा असें सांगितलें आहे. हें मंगलथान म्हणजे मुंबईजवळचें मागाठाणें होय. यावरून ही रीत एका दात्याची लहर नसून पश्चिम घाटाच्या दोन्ही अंगांस रूढ झालेली होती हें दिसून येतें.

परंतु दान देणें निराळें व तें चालणें निराळें. याचा बोलका दाखला नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांतील दोन राजाज्ञांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनें वर्ष १८ मध्यें बेनाकटकाहून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास आज्ञा धाडली कीं, पश्चिम काखडी गांवांतील पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें दोनशें निवर्तनें शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांस दिलें आहे. त्यांत कोणी राजपुरुषानें शिरूं नये, मीठ खणूं नये. सहा वर्षांनीं, वर्ष २४ मध्यें, गौतमीपुत्र व राजमाता यांची अमात्य श्यामकास दुसरी आज्ञा निघाली. त्या अमात्याचें कुशल विचारून ती पुढें सांगते कीं, काखडींतील जें शेत दिलें होतें तें कोणी कसत नाहीं, व गांवांत वस्तीही राहिलेली नाहीं. तेव्हां नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें या भिक्षूंस द्यावीं.

या दोन आज्ञा एकाखालीं एक कोरलेल्या आहेत. पहिलींत सर्व प्रकारच्या सवलती आहेत, पण कसणारा माणूस नाहीं. ओसाड गांवच्या दोनशें निवर्तनांपेक्षां नगराजवळचीं शंभर अधिक उपयोगी, हें राजमातेच्या दरबारीं उमजलें, आणि तें मान्य करून शिळेवर कोरविण्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. जुन्या इनामपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस ही स्थिति अपरिचित नाहीं. सनद हातीं असते, शिक्का असतो, चतुःसीमा असतात. पण जमीन पडीत असते. पुढें पुळुमावीच्या वर्ष २२ मध्यें सुदर्शन गांवाच्या मोबदल्यांत सामलिपद गांव दिल्याची नोंद आहे. दान चालू ठेवावयाचें तर त्याची वारंवार दुरुस्ती करावी लागते, हेंच त्याही लेखाचें तात्पर्य.

४. ‘ग्लान’ शब्दाचा अर्थ

वर्षावास हा निरोगी भिक्षूचा विसांवा. पण जो खरोखरच खचला त्याचें काय ? येथें ‘ग्लान’, पालींत ‘गिलान’, हा शब्द येतो. अमरकोशांत तो रोग्याच्या पर्यायांच्या पंक्तींत आहे, आणि भाषांतरकार त्याचें ‘आजारी’ एवढेंच भाषांतर करून पुढें जातात. तें चूक नाहीं. परंतु अपुरें आहे. पाणिनीय धातुपाठांत ‘ग्लै’ या धातूचा अर्थ हर्षक्षय असा दिला आहे. ग्लान म्हणजे ज्याचा हर्ष, ज्याची उमेद, क्षीण झाली तो. शरीराचा क्षय व उत्साहाचा क्षय हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत नांदतात. आम्हीं वर सांगितलेल्या ‘अनभिरति’च्या नियमाशीं हा अर्थ किती जुळतो हें सांगणें नलगे.

विनयांत ग्लानाविषयीं जी व्यवस्था आहे ती अगदीं व्यवहारी आहे. श्रावस्तीस शरद्ऋतूंतील आजारानें भिक्षु पछाडले. पेज व भात पोटांत ठरेना, अंगें पिंवळीं पडलीं, शिरा दिसूं लागल्या. तेव्हां तूप, लोणी, तेल, मध व फाणित हीं पांच औषधें घेण्याची मोकळीक मिळाली. प्रथम योग्य वेळींच, व पुढें वेळ-अवेळ न पाहतां. मात्र सात दिवसांहून अधिक साठा करूं नये. ही कथा भेसज्जक्खंधकांत आहे. चीवरक्खंधकांत दुसरी कथा आहे. अतिसारानें पीडित एक भिक्षु आपल्याच मळांत पडला होता. त्यानें कधीं कोणाचें कांहीं केलें नाहीं म्हणून त्याच्याजवळ कोणी फिरकत नव्हतें. बुद्धानें आनंदाकरवीं पाणी आणवून त्यास स्वतः न्हाऊं घातलें, आणि मग भिक्षूंस समजाविलें कीं येथें तुम्हांस शुश्रूषा करावयास आईबाप नाहींत. तुम्हीच एकमेकांचें केलें नाहीं तर कोण करणार? मृत भिक्षूचें पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणारास द्यावें, हा नियमही त्याच खंधकांत आहे.

विशाखा उपासिकेनें मागितलेल्या आठ वरांत वर्षाशाटिका, येणाऱ्या-जाणाऱ्यांचें अन्न, नित्य यवागू व भिक्षुणींची स्नानवस्त्रें यांबरोबर तीन वर ग्लानाविषयींच आहेत : ग्लानास अन्न, ग्लानाच्या शुश्रूषकास अन्न, व ग्लानास औषध. शुश्रूषकास निराळें अन्न कां, याचें तिनें दिलेलें कारण गृहिणीस शोभेल असेंच आहे. तो स्वतःच्या भिक्षेसाठीं हिंडत राहिला तर रोग्याचें जेवण उशिरां पोंचतें, व वेळ टळल्यानें तो उपाशी राहतो. सेवा करणाऱ्याचें पोट भरल्यावांचून रोग्याची सेवा होत नाहीं, हें तिनें ओळखलें होतें.

५. विष्णुदत्तेची नीवी

आतां त्रिरश्मीकडे परतूं. त्याच दहाव्या लेण्याच्या अंगणांत, उषवदाताच्या लेखांच्या सान्निध्यांत, आभीर शिवदत्ताचा पुत्र माढरीपुत्र राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा लेख आहे. काल इसवी सनाचें तिसरें शतक. लेखाची भाषा आतां संस्कृताकडे झुकलेली आहे. दान करणारी विष्णुदत्ता ही उपासिका शकनिका, शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी व गणपक विश्ववर्म्याची माता. दानाचा हेतु : त्रिरश्मि पर्वतावरील विहारांत राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघाचें ग्लानभैषज्य. विशाखेच्या वरांत आलेला शब्द येथें गोवर्धनच्या बाजारांतील व्यवहारांत उतरला आहे.

रक्कम पुन्हां श्रेणींकडेच ठेविली आहे. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे एक हजार कार्षापण. ओदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे दोन हजार. याखेरीज आणखी श्रेणी आहेत, त्यांत तिलपिषकांची, म्हणजे तेल्यांची, श्रेणी आहे. लेखाचा हा भाग झिजला आहे. तेल हें विनयांतील पांच औषधांपैकीं एक, व विणकरांच्या श्रेणींतून निघणारें व्याज चीवरासाठीं. हा योग पाहतां श्रेणी निवडतांना दात्यांच्या मनांत वस्तूचाही विचार असेल असें कोणास सुचेल. परंतु उषवदाताच्या लेखांत मोबदला काहापणांत सांगितला आहे, वस्त्रांत नाहीं. म्हणून या सूचनेस अनुमानापलीकडे नेऊं नये.

दोन दानांतील भेद मात्र स्पष्ट आहे. उषवदाताचें दान स्वतःच्या लेण्यांतील वीस भिक्षूंपुरतें आहे; संख्या ठरलेली, रक्कम ठरलेली. विष्णुदत्तेच्या दानांत संख्या नाहीं, कारण आजारी किती पडतील हें कोणास सांगतां येत नाहीं. आणि त्याचा लाभ एका लेण्याचा नसून डोंगरावर येऊन राहील त्या कोणाही भिक्षूचा आहे. वर्षावास ठरल्या दिवशीं येतो व ठरल्या दिवशीं संपतो; ग्लानि तशी येत नाहीं. म्हणून अनेक श्रेणींत विभागलेली, सदा चालणारी नीवी हाच तिच्यावर योग्य उपाय.

अशा दानास वैद्यांची जोड होती हें दाखविणारे लेखही आहेत. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या रायगडांतील, कुडें येथील एक लेणें वैद्य ऋषिरक्षित उपासकाचा पुत्र वैद्य सोमदेव यानें दिलें आहे. पितळखोऱ्यास राजवैद्य वात्सीपुत्र मगिल व त्याचीं मुलें यांचीं दानें आहेत. हे वैद्य विहारांत औषधोपचार करीत असें लेख म्हणत नाहींत; पण वैद्यकुळांचा संघाशीं स्नेह होता, एवढें निश्चित. पाटलिपुत्राजवळ कुम्राहार येथें १९५१ ते १९५५ च्या दरम्यान झालेल्या उत्खननांत ‘आरोग्यविहार’ हें नांव असलेली भिक्षुसंघाची मुद्रा सांपडली. तेथें विहारासच रुग्णालयाचें रूप आलेलें दिसतें.

६. उपसंहार

एकंदरीनें पाहतां या दानांचें अंग चतुर्विध आहे : गरज आधीं मोजणें, मुद्दल अक्षय राखणें, व्यवहार सभेंत जाहीर करून दप्तरीं लावणें, आणि खचलेलें दान पुन्हां उभें करणें. यांतील शेवटचें अंग सर्वांत दुर्लक्षित, आणि सर्वांत अवघड. दाता शक असो, सातवाहन असो वा आभीराच्या राज्यांतील गृहिणी असो. धर्मोपदेशकही माणूस आहे, तो थकतो, आजारी पडतो व कधीं त्याचें मन विटतें, हें त्यांनीं गृहीत धरिलें, आणि त्यांत त्याच्या व्रताची हानि मानली नाहीं.

जुनीं दप्तरें ज्यांच्या घरीं आहेत अशा सज्जनांस आमची एक विनंति आहे. पेशवाईंतील वर्षासनांच्या याद्या, देवस्थानांच्या व मठांच्या वह्या, अन्नछत्रांचे हिशेब चाळतांना बहुधा आपण नांवें व तारखा टिपून घेतों. चातुर्मासांत राहणाऱ्या संन्याशाचा खर्च, औषधपाण्याची बाब, रोग्याजवळ बसणाऱ्यास दिलेला शिधा, अशीं किरकोळ कलमें क्षुद्र समजून सोडूं नयेत. त्यांची नक्कल रकमेसह व तिथीसह करून ठेवावी. विष्णुदत्तेचा लेख झिजत गेला, आणि तिनें एकंदर किती द्रव्य ठेविलें याची बेरीज आज कोणास करतां येत नाहीं. कागदाचें आयुष्य दगडाहून पुष्कळच थोडें आहे.